उजव्या मनगटावरचं घड्याळ

२ डिसेंबर
नाशिकला येऊन आठवडा झाला. बदलीची उगीच धास्ती घेतली होती. मखमलाबाद रोडचा फ्लॅट लहान आहे, पण मागे शेवंतीचे मळे आहेत आणि सकाळच्या थंडीत त्यांचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो. सोसायटीतल्या धावणाऱ्यांच्या गटाने लगेच सामावून घेतलं. त्रेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले, माझं मलाच हसू येतं. गटाच्या प्रमुख सुवर्णाताई शेजारच्याच दारात राहतात. माझ्या नव्या घड्याळाला ॲप त्यांनीच जोडून दिलं. किती पळालो, नाडी किती, सगळं त्यात दिसतं. गटातला ललित मला अजून ‘मॅडम’च म्हणतो, ‘ताई’ त्याच्यासाठी एकच. पळून झाल्यावर मिसळ. जाळलं त्याच्या दुप्पट खाल्लं म्हणत ताईंनी आणखी एक पाव मागवला.

९ डिसेंबर
ताई तापाने झोपून आहेत. गटाचा यंदाचा नेम असा, की वर्षभर एकही दिवस चुकवायचा नाही, ॲपवरची साखळी तुटू द्यायची नाही. ताईंची जानेवारीपासून अखंड आहे. आज त्यांनी आपलं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. मी बरी होईपर्यंत तुझ्या हातावर पळव गं, म्हणाल्या. ही लबाडी नाही का, असं मी ललितला विचारलं. सगळेच करतात, आणि घड्याळाला कुठे कळतंय मॅडम, हात कुणाचा ते, म्हणून तो हसला. मला पटलं नाही. तरी उजव्या मनगटावर बांधलं. ताईंना नाही म्हणवेना, की मलाच त्यांच्यातली एक व्हायचं होतं?

१२ डिसेंबर
शरीर एक, नाडी दोन. डाव्या हातावरचं माझं घड्याळ धापा टाकणारी नाडी दाखवत होतं, उजव्यावरचं ताईंचं मंद, निजलेल्या माणसाची. घड्याळांची अदलाबदल करून पाहिली, तरी ताईंचं मंदच. कालव्याच्या पुलापाशी ताईंच्या घड्याळातला आकडा गेला. नुसती रेघ. मी थांबून पट्टा आवळला. जरा वेळाने आकडा परत आला, माझ्यापेक्षा जोरात.
घरी पोचले तर ताईंचे यजमान खंडेराव दारात उभे. मी पुलापाशी होते तेव्हाच ताई गेल्या.

१५ डिसेंबर
घड्याळ परत करायला गेले. खंडेराव हातात घेईनात. तिचं वर्ष तेवढं पुरं करा, तेवढीच हौस होती तिला, म्हणाले. गटातही सगळ्यांचं तेच म्हणणं. रडणाऱ्या माणसाला नाडीचं काय सांगायचं? एकतीस तारखेपर्यंत पळवीन, असं कबूल करून आले.

२१ डिसेंबर
मी खुर्चीत बसलेली असते आणि उजवी नाडी पळत असते. डावी रोज उतरते. डॉक्टरांनी तपासून अभिनंदन केलं, पळणाऱ्यांची नाडी अशीच मंद असते म्हणाले. आकड्यांना भिणं हा माझा भित्रेपणाच असेल. म्हणून बोटं ठेवून पाहिली. डाव्या मनगटाला जेमतेम काही लागतं. उजव्याला दणदणीत.

२७ डिसेंबर
ताईंचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं. शुद्धीवर आले ती फरशीवर. घड्याळ मनगटावर होतं. मी बांधलं नाही. नीट आठवून लिहिते — मी बांधलं नाही.

३० डिसेंबर
उठले तर पायात बूट. ओले, मळ्यातला चिखल लागलेले. ॲपवर ताईंचं आजचं पळणं झालेलं. माझ्या नावावर काहीच —

३१ डिसेंबर
आज शेवटचा दिवस. कबूल तेवढंच केलं होतं.
डावं घड्याळ सांगतंय, ते कुणाच्या मनगटावरच नाही. आहे. घट्ट आहे. गळ्याला बोटं लावली. काही लागत — ठोके फक्त उजव्या हातात.
खालून ललितने हाक मारली. ताई, आवरलं का, चला.
ही हाक मला आहे.
मी तोंड मिटून बसले आहे. तरी माझ्याच खोलीतून उत्तर गेलं, आले रे, थांब जरा.
लिहितोय तो हात उजवा आहे, आणि तो आता —