टीबीच निघू दे!

२ फेब्रुवारी

आज दोनदा पेट्रोल पंप! सकाळी सॉरीताई गाडी शिकत होत्या. (खांब जवळ आला तरी त्याला सॉरी म्हणतात, म्हणून हे नाव. अर्थात मनातल्या मनात.) चौकापर्यंत सगळं ठीक होतं. मग पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. म्हटलं, "डावा इंडिकेटर द्या, हळू, पंपावर आत घ्या." त्यांनी घेतली. न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली बंद, सगळं शिकवल्याबरहुकूम. मी धावले. परत येते तर बाई पर्समधून विणकाम काढून स्वेटरची बाही विणत बसलेल्या. एक प्रश्न नाही. "निघू या?" एवढंच. भलं होवो त्यांचं.

मालकांना अजून सांगितलेलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईला अर्ध्या धड्यात पळावं लागतं हे कळलं, तर गाडी काढून घेतील. आणि मला दुसरं येतं काय? शेजारच्या सीटवर बसून लोकांची भीती घालवायची, एवढंच येतं. तेच आवडतं.

गेल्या आठवड्यात दुर्बीण घालून आतडं तपासलं. तुकडा काढून पाठवलाय. "क्रोन्स असू शकतो," असं पोटाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असू शकतो! म्हणजे आतड्याची सूज, जन्मभराची. कधी गप्प बसते, कधी उसळते. रिपोर्ट येईपर्यंत काहीच नक्की नाही.

३ फेब्रुवारी

जीन्स कमरेवर राहीना. नवऱ्याचा पट्टा लावला. तो म्हणाला, "उसना दिलाय हं. लवकर जाड हो आणि परत कर."

९ फेब्रुवारी

रिपोर्ट आला आणि नाहीही आला!

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट केला. म्हणाल्या, "यात जे दिसतंय ते क्रोन्सचंही असेल, आतड्याच्या टीबीचंही असेल. दोन्ही दिसायला सारखेच." आता टीबीचे जंतू वाढतात का ते बघायला लॅबमध्ये कल्चर लावलंय. जंतू आळशी, सावकाश वाढतात. मार्चच्या मध्यापर्यंत थांबायचं. "तोवर औषध?" तर ठोस काही नाही. क्रोन्सचं औषध सुरू केलं आणि निघाला टीबी, तर तो भडकेल. म्हणून फक्त पथ्य आणि कळ आली तर एक गोळी.

मी आधी विचारलं, गाडीत शेजारी बसणाऱ्यांना काही होणार नाही ना? "तुमची छाती स्वच्छ आहे. खुशाल शिकवा." हुश्श!

निघताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "टीबी असला तर काही महिने गोळ्या, मग सुटका. क्रोन्स असला तर तो सोबत राहील, पण आपण त्याला आवरू." न सांगता टाळता आलं असतं त्यांना. सरळ सांगितलं म्हणून मला त्या आवडतात.

१० फेब्रुवारी

वाट बघायची. बस्स.

१३ फेब्रुवारी

सासूबाई जिन्यात उभ्या राहून फोनवर नणंदेशी बोलत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलणं सगळ्या इमारतीला ऐकू जातं. "टीबीच निघू दे गं बाई, टीबीच! दुसरं काही नको!" वरून शेजारीण येत होती, ती आहे तिथेच थिजली. भाजीची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटून गेली बिचारी.

अख्खं घर माझ्या टीबीसाठी देव पाण्यात घालून बसलंय! लोकांच्या घरी काय मागतात, आमच्या घरी काय मागतात! हसून हसून पोट दुखलं. आज पहिल्यांदाच हसण्याने दुखलं.

लेक आता रस्त्यातल्या बाथरूमना तारे देते. पेट्रोल पंप, चार तारे: साबण आहे, कडी लागते. वाचनालय, तीन: स्वच्छ, पण तिथल्या बाई संशयाने बघतात. तिच्या वयाची असताना मी आईबरोबर दुकानात जायलाही लाजायचे. ही माझ्यासाठी काउंटरवर जाऊन किल्ली मागते!

१९ फेब्रुवारी

ताप. दिवसभर अंथरुणात. सुट्टी घेतली, मालकांना "सर्दी" सांगितलं.

आज भीती वाटली. खरी. आतडं कापावं लागलं तर? लेकीच्या आयुष्यात आई म्हणजे नेहमी पडलेली बाई असं झालं तर? नवऱ्याला विचारलं, "हे असंच राहिलं तर तू कंटाळशील?" तो मऊ भात ढवळत होता. म्हणाला, "मी तुझ्या घोरण्याला नाही कंटाळलो, पोटाला काय कंटाळणार?" मी घोरते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं! भांडले त्याच्याशी. मग भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. इतका साधा भात, आणि मला हुंदका आला. किती जण उभे आहेत माझ्या मागे!

२५ फेब्रुवारी

काय सांगू! आज सॉरीताईंची लायसन्सची टेस्ट. शेजारी परीक्षक साहेब, मी आरटीओ ऑफिसबाहेर बाकावर. दहा मिनिटांचं काम, अर्धा तास झाला तरी गाडी येईना. माझा जीव टांगणीला.

झालं असं. बाई झकास चालवत होत्या. पेट्रोल पंप आला. त्यांनी डावा इंडिकेटर दिला, हळू केली, आत घेतली. न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली बंद. आणि पर्समधून विणकाम काढलं! साहेबांनी आधी पंपाकडे पाहिलं, मग सुयांकडे. मग म्हणाले, "पेट्रोल संपलंय?"

"नाही. मॅडम इथे थांबतात."

"कोण मॅडम? कुठायत?"

तेव्हा बाईंना कळलं की आपल्या शेजारी मॅडम नाहीत, साहेब आहेत. मग सॉरी, सॉरी, सॉरी!

नापास. गाडीतून उतरल्या त्या रडत. स्वतःसाठी नाही! "माझ्यामुळे तुमचं बिंग फुटलं हो. त्यांनी खोदून विचारलं, मी घाबरून सगळं सांगून टाकलं." म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मीच वेडी, समजत होते की लपवलंय! मी त्यांना मिठी मारली. माझ्या पोटापायी त्यांची टेस्ट गेली आणि माफी त्याच मागतायत.

२६ फेब्रुवारी

मालकांनी बोलावलं. साहेबांनी फोन केलाच होता.

"सर्दी म्हणालात ना मला? पंपावर सर्दी होते का?"

सगळं सांगितलं. क्रोन्स, टीबी, कल्चर. मालक टेबलावरची खेळण्यातली गाडी मागेपुढे करत होते. नकाशावर वळण शिकवायला ठेवलीय ती.

"रिपोर्ट येईपर्यंत ऑफिसात बसा. रस्त्यावरच्या खुणा शिकवा. गाडी नाही."

"आणि क्रोन्स निघाला तर?"

"बघू."

राग आला. पण खोटं मीच बोलले होते, त्यामुळे राग काढायचा कुणावर?

४ मार्च

खुणा शिकवतेय. पुढे वळण. पुढे शाळा. पुढे काय ते माहीत नाही अशी पाटीच नाही!

बाथरूम शेजारीच आहे. कळ आली की चार पावलं. आराम आहे हे नाकारून कसं चालेल? तरीही बाहेर गाडी सुरू झाली की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. खाली नुसती फरशी.

सॉरीताईंनी दुसऱ्या शिक्षकाकडे जायला नकार दिलाय. "मॅडम बसतील तेव्हाच मी बसेन. घाई कुणाला आहे?" असं मालकांच्या तोंडावर म्हणाल्या. आणि हे म्हणताना एकदाही सॉरी नाही!

११ मार्च

लॅबमधून काही नाही. सासूबाई रोज विचारतात, "वाढले का गं ते?" जंतू म्हणजे कुंडीतली कोथिंबीरच जणू. आज त्यांनी माझे केस विंचरून दिले. मी डोळे मिटून बसून राहिले. फार बरं वाटलं.

१६ मार्च

जंतू वाढले नाहीत. नंतर काढलेल्या पोटाच्या स्कॅनमध्येही टीबीची काही खूण नाही. क्रोन्सच. जन्मभराचा.

मी रडले नाही, नवरा रडला. त्याला दवाखान्याच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मालकांना फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडून खेळण्यातल्या गाडीच्या चाकांचा आवाज आला.

मग मालक म्हणाले, "बरं. उद्या सातला एक नवीन बाई येतायत. पहिलाच दिवस, फार घाबरतायत. त्यांना तुमच्या गाडीत बसवतोय."

"अहो, पण मला मध्येच थांबावं लागेल!"

"मग थांबा की."