पॅराशूटची वाकडी पिन

४ फेब्रुवारी १९९८

चि. घुशीस (जन्मभर जमीन उकरतेस, दुसरं काय म्हणू?),
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीसारखं बाबांच्या खाटेशी बसून फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. पत्र आधी एकट्यानं वाचायचं नाही, हा बाबांचा कायदा तुला ठाऊकच आहे. जुन्या धावपट्टीशेजारी तू खणतेस त्या खड्ड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे विमानांचे रेडिओ, ऑक्सिजनच्या नळ्या आणि पत्र्याच्या पेट्या निघाल्या हे ऐकून ते उठूनच बसले.

आजोबा त्याच तळावर पॅराशूटच्या घड्या घालायचे. एका वैमानिकाचं पॅराशूट उघडलं नाही, ठपका आजोबांवर आला आणि चौकशी पुरी होण्याआधीच तळ बंद झाला. आजोबांचा हात चुकणं शक्य नाही, या एका हट्टापायी बाबांनी ठपका खरा मानणाऱ्या सख्ख्या काकांशीही बोलणं टाकलं. आता डॉक्टरांनी हात टेकलेत. बाबांचं एवढंच म्हणणं आहे, ते पॅराशूट शोध आणि मला मोकळं कर. बघ, जमलं तर. आणि जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी आठवण काढून तुला उचक्या लावणारा,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांपुढे वाचू नकोस. म्हणूनच ते तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर धाडते आहे.

पॅराशूट सापडलं. चौकशीची मोहर असलेल्या पेटीत होतं. रेशीम हात लावताच चुरलं, पण ते बंद ठेवणारी पिन शाबूत आहे. वाकडी आहे, आणि वाकडी पिन दोरी ओढली तरी निघत नाही. पडताना वाकली असेल अशी मीही आशा धरली होती. पण तिच्यावर हातोडीच्या खुणा आहेत. कुणीतरी ती ठोकून सरळ करायला बघितलं, आणि नवी घालायची सोडून तीच परत लावली. सोबतच्या कार्डावर तपासणाऱ्याच्या जागी सही आजोबांची आहे. वैमानिकाचं वय एकवीस लिहिलंय.

मी खड्ड्यातच बसून रडले. बाबांना सांग, काही मिळालं नाही. तुला खोटं बोलायला लावते आहे. रागव, पण लोभ कमी करू नकोस.

धाकटी

२७ फेब्रुवारी

चि. बाळे,
आशीर्वाद.

मी गाढव आहे. कचेरीत पाकीट हातात आलं, तुझं अक्षर दिसलं आणि मी ते न फोडता खिशात घालून घरी आणलं. सवयीनं खाटेशी बसलो आणि बाबांपुढे वाचू नकोस, हे बाबांपुढेच खणखणीत वाचलं. मी कागद मिटायला गेलो. बाबा म्हणाले, थांबू नकोस. शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं.

मला वाटलं, तुझ्यावर चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले, शेवटच्या दुखण्यात आजोबांनी त्यांना तीनदा जवळ बोलावून त्या पिनेचं सांगायला सुरुवात केली होती. लोकांचं ऐकून तुम्हीही स्वतःला दोष देऊ नका, असं म्हणत बाबांनी तिन्ही वेळा त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर आजोबा जाईपर्यंत कुणाशीच बोलले नाहीत.

एवढं सांगून बाबाही गप्प झाले. अन्नाला शिवत नाहीत. मनात असेल ते सांगा, मी अडवणार नाही, असं म्हणत मी कालपासून खाटेशी बसलो आहे. ते भिंतीकडे तोंड करून पडलेत.

तुझ्या लोभाची आज फार गरज असलेला,
दादा