दाद

१८ नोव्हेंबर १९९६, सांगली
धाकट्या सुनीला काल पलूसहून इथं हलवलं. सिझर झालं, पोरगं टुणटुणीत, पण टाक्यांतून पू, अन् हिचा ताप उतरेना. गाडीत माझा हात धरून म्हणते, "आक्का, बारसं मी घरी आल्याबगर करायचं न्हाई हं." बारसं म्हणे! आधी बरी हो, भवाने.

१९ नोव्हें.
डॉक्टरबाईंनी विचारलं, आधी कुठली इंजेक्शनं झाली? म्हटलं, सगळीच. पलूसला रोज नवं नाव. रक्तात जंतू गेलाय म्हणतात. रक्त लॅबला दिलंय. कुठल्या औषधानं मरतो ते कळेपर्यंत अंदाजानं चालू. अंदाजानं!
पोरगं व्हरांड्यात आमच्या आईच्या मांडीवर.

२१ नोव्हें.
रिपोर्ट आला. बाईंनी लॅबमधली बशी दाखवली. आत औषधाच्या टिकल्या. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ कडं पडतं. इथं सगळ्यांना गच्च भिडून वाढलाय मेला. एकीलाच कडं. ते औषध सांगलीत नाही. सुनीचे मालक, प्रकाशराव, पुण्याला पळालेत.
हा जंतू घरचा नव्हे, दवाखान्यातला, म्हणाल्या. आणि आम्ही वेड्यासारखं दारात चपला काढून आत जातोय!
बाई आईला म्हणाल्या, "औषधाला दाद देत नाही." आई तडक खाटेशी. "सुने, दाद दे की गं! एवढी मोठी डॉक्टरीण सांगतीया." अगं आई, ती नव्हे, जंतू दाद देत नाही. ऐकतंय कोण.

२२ नोव्हें.
सुनीला धड शुद्ध नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, नवस बोला. आई म्हणाली, "आमच्यात न्हाई बोलत." मग त्रिशरण म्हणत पाय चोळत बसली. पाय गार.
प्रकाशराव औषध घेऊन आले. लगेच लावलं. उशीर झाला का, विचारायचं धाडस होईना.

२३ नोव्हें.
सुनी गेली.

२६ नोव्हें., पलूस
आई आज एकदम म्हणाली, "ल्हानपणी एका हाकंत यायची. माझ्यावर कशाचा राग हुता गं तिला?"
राग नव्हता गं. तिनं शेवटपर्यंत माझं बोट सोडलं नव्हतं. कितीदा सांगू? शाळेत पोरांना मराठी शिकवते मी, आणि आईला एक शब्द समजावता येईना. परसात जाऊन रडले.

२८ नोव्हें., सांगली
पोरगं दूध ओढेना. अंग तापलेलं. परत तोच जिना. डॉक्टरबाईंनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. एवढ्याशा हातातून रक्त काढलं. प्रकाशराव बाहेर भिंतीला टेकून उभे. मी कुणाला धीर देऊ?

३० नोव्हें.
नर्स नाव विचारत होती. म्हटलं, ठेवलं नाही. आई थांबा म्हणालीय त्याची. कागदावर 'सुनंदाचं बाळ' लिहिलं.
रिपोर्ट उद्या. ताप आहेच. आई काचेच्या पेटीत हात घालून बसलीय. मघाशी पोरानं तिचं बोट धरलं तशी मला हाक मारली.
"बघ, बघ, ह्यो दाद देतोय!"
व्हय म्हटलं.