चांगुणाबाईसाठी साखळी प्रार्थना

रविवार, ९ फेब्रुवारी

आज पुन्हा उभा राहून खोटं बोललो. ‘प्रभू आपल्या हाका ऐकतो!’ – चांगलं खणखणीत आवाजात. एकतीस वर्षं जिंतूरच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा केल्या, आवाज अजून शाबूत आहे. जिचा पत्ता नाही अशा गाडीचीही घोषणा मी याच आवाजात करायचो.

झालं असं. उपासनेच्या आधी चर्चच्या फाटकाशी शिवकन्या उभी. ही आमच्या मंडळीतल्या, एकट्या राहणाऱ्या चांगुणाबाईच्या शेजारची, कापूस वेचायला जाते, स्वतः मंडळीतली नव्हे. म्हणाली, ‘मावशीला चार दिसापसून ताप हाय. पाय लय सुजलाय. आमी उद्या पोखर्णीला चाललाव, नरसिंहाचा नवस फेडायला. बुधवारी येताव. तुमच्या लोकायला सांगा तेवढं.’

मी सगळ्यांसमोर सांगितलं. पास्टर भुजंग लगेच म्हणाले – साखळी प्रार्थना! मंगळवार ते गुरुवार, तीन दिवस. प्रत्येकाने एकेक तास वाटून घ्यायचा, आपापल्या घरी गुडघ्यांवर यायचं. एकाचा तास संपला की पुढच्याचा सुरू, कडी तुटता कामा नये. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. रात्रीचे तास मात्र कुणी घेईना. शेवटी सकाळी सहा ते रात्री नऊ असं ठरलं. देवालाही ड्युटीच्या वेळा लावून दिल्या!

वेळापत्रक अर्थातच माझ्याकडे आलं. निवृत्त वाहतूक नियंत्रकाला दुसरं कोण काय देणार?

विमलच्या वेळीही अशीच साखळी झाली होती. त्याला चौदा महिने झाले. माझी बायको अकराव्या तासाला गेली, आणि बाराव्या तासाचा माणूस मला विचारत होता, ‘भाऊ, आता माझा तास करायचा की नको?’ त्या दिवसापासून मी गुडघ्यांवर आलेलो नाही. चर्चला जातो, मंडळीचा वडील म्हणून पुढच्या बाकावर बसतो, गीतं म्हणतो. वर कुणी आहे का? मला वाटत नाही. चौकशीची खिडकी आहे, आत खुर्ची आहे, माणूस नाही. हे बोलायचं कुणाशी? मंडळीचा वडीलच असं म्हणतो कळल्यावर उरलेले बारा उंबरेही पांगतील. म्हणून वही.

सोमवार, १० फेब्रुवारी

वेळापत्रक झालं. तीन दिवसांचे पंचेचाळीस तास. चंद्रभान गुरुजींना शाळेमुळे दुपार नको आणि फिरायला जातात म्हणून सकाळही नको. एकीला मालिकेची वेळ सोडून हवं. एकजण म्हणाला, हुरड्याला पाव्हणे येणार आहेत, मला दहा मिनिटं कमी धरा. दहा मिनिटं! आजारी माणसासाठी देवाशी बोलायचं तर तेही घासाघीस करून.

पुण्याहून विवेकचा व्हिडिओ कॉल आला. सुनेने मागून हात केला आणि गेली. ‘बाबा, आता तुम्ही स्वतःसाठी जगा. स्वतःला वेळ द्या.’ पोरा, चौदा महिने मी दुसरं काय करतोय? सकाळी माझा चहा, माझा पेपर, माझी बीपीची गोळी. दिवसभर मीच. हल्ली जो तो हेच सांगतो – आधी स्वतःकडे बघा. बघून बघून कंटाळा आला तरी नजर हलत नाही. आणि लोकांना नावं ठेवणारा मी कोण? माझा तास मी दोन ते तीन घेतला आहे. जेवण झालेलं असतं, ऊन असतं, कुणी येत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

साखळी सुरू. सहाला पहिला निरोप मंडळीच्या ग्रुपवर पडला – ‘झाली.’ पुढे हात जोडलेलं चित्र. सात वाजता ‘झाली.’ आठ वाजता ‘झाली, प्रभूची स्तुती असो.’ माझ्या नोकरीत एकही दिवस गाड्या अशा वेळेवर सुटल्या नाहीत.

दोन वाजता मी खोलीत जाऊन दार लावलं. खुर्चीत बसलो. पेपर वाचला. परभणीच्या पानावरचे सगळे वाढदिवस वाचले. तीनला दोन मिनिटं कमी असताना लिहिलं – ‘झाली.’

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजही ‘झाली.’ आज पेपरही वाचून झालेला होता, नुसताच बसलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी कुणीतरी ग्रुपवर विचारलं, ‘चांगुणाबाईंची तब्येत आता कशी आहे?’ त्याखाली हात जोडलेली नऊ चित्रं. उत्तर एकाचंही नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग लक्षात आलं – कुणालाच माहीत नाही! प्रत्येकाला वाटतंय दुसरा जाऊन आला असेल.

चप्पल घालून दारापर्यंत गेलो. तिचं घर वीस मिनिटांवर, जुन्या जिनिंग मिलच्या मागे. परत आलो. ऊन फार होतं असं लिहिणार होतो, पण इथं तरी खरं लिहावं. मला भीती वाटली. ती म्हणणार, ‘लिंबाजीभाऊ, माझ्यासाठी प्रार्थना करा.’ डोळे मिटून हात पुढे करणार. चर्चमध्ये माईकवर खोटं बोलता येतं. तिच्या खाटेशेजारी बसून नाही.

ही बाई बत्तीस वर्षं मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. विमल गेली तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी भाकऱ्या घेऊन आली. एक शब्द उपदेशाचा बोलली नाही. डबा ठेवायची आणि मी खाईपर्यंत बसून राहायची.

उद्या जातो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कुलूप होतं. शिवकन्या ओट्यावर सोयाबीन निवडत होती. मला पाहून उठली नाही.

‘आता आलाव व्हय?’

मी विचारलं, ‘चांगुणाबाई कुठंय?’

‘परभणीला. सरकारी दवाखान्यात. बुधवारी तीन वाजता आमी पोखर्णीहून आलाव, तर दाराला आतून कडी. हाका मारल्या तर आतून नुसतं कण्हायलती. आमच्या मालकानं कडी तोडली. उंबऱ्यापशीच पडल्याली, भाऊ. मंगळवारी सकाळी सातला पाणी घ्यायला उठली अन् पडली. खुबा मोडला. सरकता बी येत नव्हतं. तितंच समदं... कपडे समदे... काय सांगू तुमाला!’

तिने सोयाबीन बाजूला सारलं.

‘फोन खाटंवर होता तिचा. मी बघितला. तीन दिसात एक बी फोन न्हाई कुणाचा. मी तुमाला सांगून गेलते की न्हाई? फाटकात उभं राहून सांगून गेलते. तुमी समदे काय करायलते?’

तोंडाशी आलं होतं – प्रार्थना करत होतो. गिळलं. देवाशपथ, गिळलं.

घरी येऊन वेळापत्रक काढलं. मंगळवारी सात ते नऊ, चौदा तास. बुधवारी सहा ते तीन, नऊ तास. तेवीस तासांपुढे बरोबरची खूण. तेवीस तास कुणी ना कुणी आपल्या घरी गुडघ्यांवर – म्हणजे मी धरून चाललोय की गुडघ्यांवर – आणि ती उंबऱ्याशी. माझे दोन तास त्यातलेच. वीस मिनिटांवर होतो मी! शिवकन्या म्हणाली होती लोकांना सांगा, आणि कुणीही शहाणं माणूस त्याचा अर्थ जा, बघा, तांब्याभर पाणी द्या असाच घेईल. आम्ही एवढे भक्तिमान की आम्हाला तो अर्थ सुचलाच नाही. आणि गुरुवारी दिवसभर आम्ही रिकाम्या घरासाठी कळवळून मागणं मागत होतो.

शास्त्रात प्रार्थना करा असं आहे. आजाऱ्याला भेटा असंही आहे. आम्ही घरबसल्या जमेल ते निवडलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळच्या बसने परभणी. बायकांचा वॉर्ड, शेवटून दुसरी खाट. ती एवढी लहान कधी झाली? खुब्याला वजन बांधलं आहे, सुजलेला पाय काळा पडलाय. शुद्धीत होती. मी आमच्या मंडळीच्या रिवाजाने ‘सलाम, चांगुणाबाई’ म्हटलं. तिने पाहिलं, ओळखलं, डोळे मिटले.

तासभर बसलो. तिने प्रार्थना करा म्हटलं नाही. ज्याला घाबरून दारातून परत फिरलो ते तिने मागितलंच नाही. याने बरं वाटायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं नंतर बघू, आधी पायाचं विष अंगात भिनायचं थांबलं पाहिजे. वयही आहे. तुम्ही कोण? मी म्हटलं, ओळखीचा.

रविवार, १६ फेब्रुवारी

साक्षीच्या वेळेला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने उठून सांगायचं असतं तेव्हा, मी उठलो. पास्टर भुजंगांना वाटलं, साखळीबद्दल आभार मानणार. त्यांनी गिटार बाजूला ठेवून माईक दिला.

मी म्हटलं, ‘मंगळवार आणि बुधवार, दोन ते तीन, मी प्रार्थना केली नाही. पेपर वाचला. झाली असं लिहिलं ते खोटं होतं. चांगुणाबाई तेव्हा उंबऱ्याशी पडून होती.’

पास्टर पुढे आले, ‘अंकल जरा भावुक झालेत, आपण सर्व –’ तेवढ्यात चंद्रभान गुरुजी बसल्या जागेवरून म्हणाले, ‘मी पण न्हाई केली. गाडीवर होतो. विसरलो, अन् नंतर झाली म्हणून टाकलं.’ मग त्यांच्या मागची एक बाई रडायला लागली. मग आणखी एक हात वर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी मोजले नाहीत. पास्टर खाली बसले. शेवटी म्हणाले, ‘माझेही सहा तास होते.’

बाहेर सिताराम माझ्यासाठी थांबला होता. विमलच्या साखळीतला बाराव्या तासाचा माणूस. चप्पल घालता घालता म्हणाला, ‘भाऊ, वहिनीच्या टायमाला बी... आमच्यातल्या लय जणांनी केलीच नव्हती. आमाला वाटलं, बाकीचे हायेत की.’ आणि वाट पाहू लागला, मी मारतो की काय अशा चेहऱ्याने.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. राग आलाच नाही असं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कालपासून एकच डोक्यात. चौदा महिने मी देवावर खटला चालवला – एवढ्या लोकांनी हाका मारल्या, तू का ऐकलं नाहीस? आणि हाकाच मारलेल्या नव्हत्या! तक्रारवहीत अर्ज नाही आणि मी वर जाऊन साहेबाची गचांडी धरलेली.

पण मी तर मारल्या होत्या ना? त्या रात्री मी फरशीवर डोकं ठेवून मागितलं होतं. माझी एक तरी पोचली असेल. त्याचं काय? हे सिताराम सांगू शकत नाही. खटला मिटलेला नाही. फक्त आता आरोपीच्या पिंजऱ्यात गर्दी झाली आहे आणि त्यात मी पहिला उभा आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

परभणी. आज खाटेशी शिवकन्या. घरून वरणभात घेऊन आली होती, एक दिवसाची मजुरी बुडवून. चांगुणाबाईने दोन घास खाल्ले. ग्रुपवर लिहिलं – कोण कोण येणार? हात जोडलेली दोन चित्रं आली, आणि खाली गुरुजींनी लिहिलं, ‘मी उद्या येतो.’

बुधवार, १९ फेब्रुवारी

गुरुजी आले, खाटेशेजारचं कपाट घासून-पुसून गेले. ते गेल्यावर चांगुणाबाई पहिल्यांदा बोलली. ‘लिंबाजीभाऊ, दोन दिस मी त्याला हाका मारल्या. जलमभर मारल्या तशाच. वर कुणी न्हाई, भाऊ.’ आणि भिंतीकडे तोंड केलं.

हे वाक्य माझं होतं. तिच्या तोंडात ते मला सोसवेना. सगळ्या वॉर्डादेखत मी फरशीवर गुडघ्यांवर आलो आणि म्हणालो – माझ्यासाठी नसलास तरी चालेल. हिच्यासाठी तरी अस.