घुसळणीचं कुलूप

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६:००:००
घरच्या दाराचं कुलूप आपोआप रीस्टार्ट झालं. ठरल्या सेकंदाला. सलग नववा सोमवार. वक्तशीरपणा कॉलेजात मिळत नाही. मी कॉलेजात गेलोच नाही, म्हणून खात्रीने सांगतो.
रोज सहा आकडी नवा कोड माझ्या आणि हिच्या फोनवर येतो. मी वाचतो आणि पुसून टाकतो. लक्षात राहील तो आकडा रँडम कसला? जानेवारीत सासूबाईंच्या घराला रंग देत होते तेव्हा त्या पंधरा दिवस आमच्याकडे होत्या. त्यांनाही ही रोज कोड सांगायची. एकदाही कुरकुरल्या नाहीत.
१४ तारखेला माझा प्रोग्रॅम 'घुसळण' (२१४ ओळी, सर्व स्वहस्ते; घरच्या कुलपात तोच चालतो) कंपनीच्या लायब्ररीत, म्हणजे सामायिक प्रोग्रॅमांच्या साठ्यात, जाणार. मग आमची कंपनी बनवते ती सगळी कुलपं त्याच्याकडूनच कोड घेणार. पहिला मान चाळीस दवाखान्यांच्या औषधांच्या कपाटांना.

मंगळवार, ४ मार्च
ऑफिसातली शंकाबाई (नवी इंजिनिअर, रोज एक शंका) म्हणाली, सर, सुरक्षित रँडम आकड्यांचं तयार फंक्शन सिस्टीममध्ये असतं, एका ओळीत काम होतं, तुम्ही घरी कशाला दळत बसता? म्हटलं, तयार कपडा अंगात जातो, अंगाला बसत नाही. मग विचारते, सुरुवातीचा आकडा कुठून घेता? म्हटलं, घड्याळातून. रीस्टार्टच्या क्षणीचे तास, मिनिट, सेकंद. आणि मग तीनदा घुसळतो.
"हं" म्हणाली. हे "हं" कॉलेजात शिकवत असावेत.

गुरुवार, ६ मार्च. संध्याकाळी
कुलपातली नोंद सहज उघडून पाहिली. दार १२:४० ला उघडलं, २:१५ ला बंद. कोड बरोबर. त्या वेळी मी ऑफिसात, ही शाळेत शिकवत. काल? १२:४१. परवा? १२:४०.
हिला सांगितलं. म्हणाली, अहो, घड्याळ चुकलं असेल. माझं घड्याळ!

शुक्रवार, ७ मार्च
गेलं काहीच नाही. उलट दोरीवरचे कपडे घड्या घालून ठेवलेले. हिला वाटलं, मी घातल्या. कौतुक केलं. मी खुलासा केला नाही.
घड्या घालणारा चोर फार वाईट. त्याला घाई नाही.

सोमवार, १० मार्च
६:००:०० ला रीस्टार्ट. आठवडा नवा, कोड नवे. आता ये म्हणावं.
१२:४० ला आला.
माझ्या घराचं कुलूप जो उघडतो, तो औषधांची कपाटं उघडणार नाही? झोपेच्या गोळ्या, इंजेक्शनं. साहेबांना सांगावं तर घुसळण गेली. न सांगावं तर चाळीस कपाटं. निश्चय: शुक्रवारच्या आत चोर पकडायचा. मग दोष चोराचा ठरतो, प्रोग्रॅमचा नाही.

बुधवार, १२ मार्च. दुपारी १२:३१
रजा टाकली. दाराआड उभा आहे. हातात छत्री, लांब दांड्याची. दोनदा उघडमीट करून पाहिली. सरावासाठी.
१२:३८. लिफ्ट थांबली. चपला. सावकाश.
१२:४०. सहा बटणं. न अडखळता.

तोच दिवस. ३:००
सासूबाई.
छत्री उगारलेली बघून म्हणाल्या, घरात कसली छत्री जावईबापू, छत गळतंय की काय? त्यांच्या शेजारी दुपारभर ड्रिल चालतं म्हणून इथे पडायला येतात. मोकळे हात बरे दिसत नाहीत म्हणून घड्या घालतात.
कोड कुठून कळतो, विचारलं. म्हणाल्या, जानेवारीत कॅलेंडरवर लिहून ठेवत होते, तर दुसऱ्या आठवड्यात तेच यायला लागले. बरं केलंत हो, वारावर नंबर लावून दिलेत. माझ्यासारखीच्या लक्षात राहतात. बुधवारचा तेवढा अवघड आहे, बघा बदलता आला तर.
सात वार, सात कोड. दर सोमवारी बरोब्बर सहाला सुरुवात, म्हणून सुरुवातीचा आकडा तोच. तो तीनदा घुसळा नाहीतर तीनशेदा, निघणार तेच ताक. एखाद्या सोमवारी दोन सेकंद उशीर झाला असता तर! पण माझ्याकडून? शक्य नाही.

गुरुवार, १३ मार्च
साहेबांना सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. शंकाबाईने २१४ ओळी काढल्या, एक घातली. हसली नाही. तेच जास्त लागलं.
साहेब म्हणाले, सोमवारी घरी थांबा, आपण फोनवर बोलू. "बोलू" म्हणजे काय?

सोमवार, १७ मार्च. ११:२० (फोनवर टिपतो आहे)
काल घरचं कुलूप काढून साधं लॅच बसवलं. किल्ल्या तीन. एक हिच्याकडे शाळेत, एक सासूबाईंकडे. माझी टेबलावर, किल्लीसाठी नेमून दिलेल्या खिळ्यापासून चार बोटांवर. आत.
कचरा टाकायला बाहेर आलो आणि दार ओढलं गेलं.
सासूबाईंना फोन केला. म्हणाल्या, येते की १२:४० ला, तोवर बसा पायरीवर.
साहेबांचे दोन मिस्ड कॉल. उचलायचा धीर होत नाही. आता तिसरा वाजतो आहे.
अजून ऐंशी मिनिटं. सासूबाई वक्तशीर आहेत, एवढाच आधार.