धम्मपालचा जबडा

३ नोव्हेंबर, सोमवार
पहिला दिवस चांगला गेला. उस्मानपुऱ्यात पहिल्या मजल्यावर ही कवळ्या बनवणारी लॅब आहे. टेबलावर ऊन येतं, चहात आलं असतं. मालक काकासाहेब बोलके आहेत. माझा नवरा धम्मपाल वारला, त्याला दोन महिने झाले. घरी बसण्यापेक्षा हे बरं. मागे एका अपघातात त्याचे पुढचे चार दात गेले तेव्हा जबड्याचं माप इथंच घेतलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

कवळीचा आराखडा काढणारा प्रोग्राम जुना आहे, नव्या विंडोजवर चालत नाही. त्याला लागणारं सगळं मी एका पॅकेजमध्ये बांधायचं. मग त्याला वाटतं, आपण जुन्याच कॉम्प्युटरवर आहोत. बारा तारखेला ते पाचोड आणि सोयगावच्या शाखांना जाईल.

४ नोव्हेंबर, मंगळवार
जुना कॉम्प्युटर उघडला. आत प्लास्टरची पूड, केस आणि काहीतरी पिवळं, चिकट, वाळलेलं. हात तीनदा धुतले. डबा खाल्ला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
आधी कोऱ्या कॉम्प्युटरवर काय काय आहे याची नोंद घ्यायची, प्रोग्राम आणि त्याच्या जुन्या फाइली टाकायच्या, परत नोंद घ्यायची. मधे जे बदललं ते पॅकेजमध्ये जातं. मधल्या वेळात दुसरं काही उघडायचं नाही, हा पहिला नियम. मी तो मोडला. पेशंटांच्या यादीत धम्मपालचं नाव दिसलं आणि मी ते उघडलं. पडद्यावर त्याचा जबडा. पुढे चार खाचा, डावीकडे वाकडा सुळा. सगळ्या फोटोंत तो तोंड मिटून आहे. त्याचं एवढंच राहिलंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
नव्या मशीनवर पॅकेज चालवलं. उघडताच तोच जबडा. माझ्याच चुकीनं तो आत बांधला गेला. काकासाहेब हसले. म्हणाले, ताई, गिऱ्हाईक आधीच खुर्चीत बसवून ठेवलं का? सोमवारपर्यंत काढा.

प्रोग्राम शेवटचा पेशंट विसरत नाही. मूळ फाइल पुसली तरच विसरेल. आणि त्या फाइलची प्रत दुसरीकडे उघडत नाही. पुसली की संपलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
पुसली नाही. आज त्याच्या दाढांच्या फटीत काहीतरी अडकलेलं दिसलं. मोठं करून पाहिलं. मटणाचे असतात तसे तंतू. शुक्रवारी नव्हते. मापात असलं काही येत नाही. मोरीत जाऊन उलटी केली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दात कोरणाऱ्या यंत्रानं कुणी न सांगता त्याचे तीन जबडे कोरलेत, वरचा-खालचा जुळलेला. झाडायला येणाऱ्या भागूबाईंनी ट्रे आणून पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, "ताई, ह्ये वल्लं हाय बगा. लाळ सुटलीया. तुमचं गिऱ्हाईक लई भुकेलं दिसतंय." आणि पदर नाकाला लावून गेल्या.

बुळबुळीत, कोमट. तंबाखू-चुन्याचा, सकाळच्या तोंडाचा वास. त्याचाच. पण ट्रे मी धुतला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपार. पाचोडचा माणूस चारला येणार. काकासाहेब म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर मी पुसतो. मीच पुसते म्हणाले. दार लावून घेतलं.

फाइल निवडलीय. फक्त कळ दाबायची. त्याआधी एकदा, शेवटचं म्हणून, ट्रेमधला एक जबडा उचलून तोंडाशी —

साडेतीन. माझा खालचा ओठ धरलाय त्यानं. सुटत नाही. लाळ गळतेय, वहीवर, त्याची का माझी —
उजव्या हातानं लिहितेय. डावा कळीवर.
कळीवर बोट ठेवलं की आवळतो. उचललं की सैल.
परत ठेवलं. आवळला. रक्त. वाकडा सुळा आत —
उचललं. सैल. हळू. जिवंतपणी तो असाच —

काकासाहेब दार वाजवतायत. विचारतायत, पुसलं का.
किळस येतेय. खूप.
कळ न दाबताच डावा हात काढून घेतला. मांडीवर ठेवलाय. आता तो ओठ सोडून आत, माझ्या जिभेला —