सोन्यावरचा पक्षी

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली, तरी दुकानात कुणी इजिप्तचा दागिना काढला की अजून माझा हात आधी भिंगाकडे जातो.

शारजातलं ते दुकानामागचं वर्कशॉप आठवतं. एसीचं पाणी बादलीत टपटपतंय आणि विट्याकडचे आपण दोघं एका टेबलाशी. मी गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं गाळणाऱ्यांच्या घरचा. सोनं ओळखायला कसाचा दगड पुरे, शिक्का कशाला बघायचा, असा माझा तोरा. तुम्ही माझ्या डोळ्याला भिंग लावलंत. इजिप्तच्या मालावर तीन बारीक छाप असतात, म्हणालात. सोनं असेल तर पक्षी, चांदी असेल तर कमळ, शेजारी अरबी आकड्यात कस आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. ते आकडे तुम्ही माझ्याकडून तीनदा गिरवून घेतलेत. तिसऱ्यांदा म्हणालात, "पालथा घडा आहेस तू." मी हसलो, पण लागलं होतं.

मग ती इजिप्तची शाळामास्तरीण तिच्या आईचं ब्रेसलेट घेऊन आली. हूक सैल झाला होता. मालकानं कस तपासून दुरुस्त करायला सांगितलं. तुम्ही जेवायला गेला होतात. मी कस बघायला हुकाच्या पट्टीवर कानस मारली आणि दगडावर घासलं. कस एकवीस कॅरेटचाच निघाला. संध्याकाळी बाईनं ब्रेसलेट उलटंपालटं करून अरबीत एवढंच विचारलं, पक्षी कुठे गेला? हे माझ्या आईचं नाही, तुम्ही बदललंत, असं म्हणून ती पोलिसांना फोन लावायला निघाली. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, गावी बायकोला सहावा महिना. तेवढ्यात तुम्ही पुढे झालात आणि मालकाला म्हणालात,

"अर्बाब, ये मैंने घिसा है. इसको कुछ मालूम नहीं."

छाप त्या घासलेल्या पट्टीवरच होते; कडेला वर्षाच्या अक्षराचा अर्धा तुकडा उरला होता. तो तुम्ही भिंगातून दाखवलात, तेव्हा बाईला पटलं. मालकाला नाही पटलं. तो खलास म्हणाला आणि आठवड्यात तुमचा व्हिसा कॅन्सल झाला. अठरा वर्षं तुम्ही तिथं काढली होतीत.

एअरपोर्टला जाताना टॅक्सीत तुम्ही भिंगाची डबी माझ्या खिशात घातलीत आणि विचारलंत, "घासायच्या आधी छाप आहे का बघितलं नव्हतंस ना?"

"नाही अण्णा, घाईत राहिलं."

तुम्ही नुसती मान हलवलीत. दोन वर्षांनी तुम्ही वारल्याचं फोनवर कळलं. तेव्हा दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं, आता कुणी विचारणार नाही म्हणून. त्या वाटण्याची मला आजही भीती वाटते.

हा कागद त्याच डबीत ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवू? मी बघितलं होतं, अण्णा. पक्षी भिंगात स्वच्छ दिसला होता. शेजारचा कसाचा आकडा तेवढा वाचता येईना, आणि तुम्हाला चौथ्यांदा विचारायची मला लाज वाटली.